घूं कुठून येते? जमिनीतून वाहणाऱ्या आवाजाचा इतिहास



आजच्या भागाचा विषय एका पत्रातून मिळाला. ओरगडमला राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरने ते पाठवलं. चेन्नईत अंबत्तूरजवळही ओरगडम नावाची वस्ती आहे. मी म्हणतोय ते श्रीपेरुंबुदूर आणि सिंगपेरुमाळ कोइल यांच्या मधलं, कारखान्यांचं ओरगडम. रेनो-निस्सानचा कारखाना तिथे २०१० साली सुरू झाला, डेमलरचे भारतबेंझ ट्रक २०१२ पासून बनू लागले आणि रॉयल एन्फील्ड २०१३ साली आली. चाकण-पिंपरीत उमेदवारी केलेली बरीच मराठी मुलं आज त्या पट्ट्यात नोकरी करतात. पत्र लिहिणारा त्यांच्यातलाच.

त्याने दोन वर्षं पैसे साठवून एक भारी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घेतला. रात्रीची पाळी नसेल तेव्हा किशोरीताई आणि भीमसेनजी ऐकायचे, एवढीच त्याची हौस. यंत्र आलं, जोडलं, हेडफोन कानाला लावला, आणि तानपुऱ्याच्या आधी ऐकू आली बारीक, सलग 'घूं'. त्याचा प्रश्न सरळ होता. ‘सर, तुम्ही सिग्नल्समध्ये होतात म्हणून विचारतो. कारखान्यांच्या गावात वीजच अशी असते, की यंत्र खराब आहे? परत पाठवू का? मुदत आठ दिवसांत संपते.’

त्याला उत्तर मी त्याच दिवशी दिलं. पण पत्र मनात राहिलं, कारण ही घूं फार जुनी आहे. तिने मुंबईतली एक वेधशाळा समुद्रापलीकडे हलवली. तिने फ्रान्समध्ये सैनिकांचे बेत शत्रूच्या कानावर घातले. आणि प्रत्येक वेळी लोक आधी यंत्राकडे बघत बसले, तर घूं मात्र जमिनीकडून येत होती. आज तो इतिहास सांगतो, आणि त्यातून घरातली घूं कशी शोधायची तेही सांगतो.

सुरुवात तारेपासून करू. वीज वाहायला जाण्याची वाट लागते तशी परतीचीही लागते. म्हणजे तारायंत्राला दोन तारा हव्यात. १८३८ साली म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांच्या लक्षात आलं की परतीची तार टाकायची गरजच नाही. दोन्ही टोकांना धातूचा पत्रा जमिनीत पुरा, वीज जमिनीतून परत येते. अर्धा तांब्याचा खर्च वाचला. जगभरच्या तारखात्यांनी ही युक्ती उचलली. आपल्याकडे १८५५ साली मुंबई, कलकत्ता, आग्रा आणि मद्रास जोडणारं तारायंत्र लोकांसाठी खुलं झालं, तेही याच काळात.

यातून एक समजूत रुजली आणि ती आजही इलेक्ट्रिशियनच्या बोलण्यात असते. ‘अर्थ म्हणजे शून्य. जमिनीत सोडलं की संपलं.’ जमीन म्हणजे जणू अथांग विहीर, कितीही ओता, पातळी वाढत नाही. व्यवहारात ही समजूत बहुतेक वेळा चालून जाते. पण जमीन ही विहीर नसून सार्वजनिक रस्ता आहे. तुमची वीज जिथून परत जाते तिथूनच शेजाऱ्याचीही जाते, आणि रस्त्याला रोध असतो. रोधातून प्रवाह गेला की दोन ठिकाणांमध्ये दाबाचा फरक पडतो. म्हणजे तुमची 'शून्य' आणि शेजाऱ्याची 'शून्य' एक राहत नाही. आजच्या संपूर्ण गोष्टीचं मूळ या एका वाक्यात आहे.

तारायंत्राला या फरकाचा त्रास फारसा झाला नाही. कट्ट-कड समजली की काम झालं. टेलिफोन आला आणि चित्र बदललं. बेल यांचं पेटंट १८७६ चं. १८८२ पासून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. टेलिफोनचा श्रवणयंत्र-भाग म्हणजे तेव्हाचा हेडफोनच, आणि तो इतका तल्लख की जमिनीतल्या सगळ्या वर्दळीचा आवाज त्यात उतरू लागला. शेजारची तार वाजली की ती ऐकू येई. पुढे शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आल्या. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. रूळ जमिनीवरच अंथरलेले, त्यामुळे परतीतली काही वीज रूळ सोडून जमिनीत, पाण्याच्या नळांत शिरते. अमेरिकेत १८८० आणि १८९० च्या दशकांत एकेरी तारेचे टेलिफोन ट्राममुळे अक्षरशः गुरगुरू लागले.

यावर दोन उपाय निघाले, आणि दोन्ही आजही तुमच्या घरात आहेत. जॉन कार्टी यांनी परतीसाठी स्वतंत्र दुसरी तार टाकण्याचा आग्रह धरला. सार्वजनिक रस्ता सोडून खासगी वाट. आणि १८८१ सालीच ग्रॅहम बेल यांनी दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याचं पेटंट घेतलं होतं. पीळ घातल्यावर बाहेरचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो. पलीकडच्या टोकाला आपण फक्त दोघींमधला फरक ऐकतो, त्यामुळे सारखा त्रास वजा होऊन जातो. इंटरनेटच्या केबलमध्ये आजही हाच पीळ असतो.

आता आपल्या घरची गोष्ट. भारतातली पहिली विजेवरची ट्राम मद्रासमध्ये धावली, १८९५ साली. मुंबईला मात्र घोड्यांच्या ट्रामवर आणखी बारा वर्षं काढावी लागली. तिथे विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात आली. पण ती येणार हे आधीच ठरलं होतं आणि त्याची सर्वांत जास्त धास्ती घेतली होती कुलाब्याच्या वेधशाळेने.

कुलाबा वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. तिच्या वहीत २ सप्टेंबर १८५९ ची नोंद आहे. सूर्यावरच्या एका प्रचंड वादळानंतर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं. कुलाब्याला ते सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली घसरलं. त्याच वादळात अमेरिकेत काही तारायंत्रं बॅटरी काढून टाकल्यावरही चालत राहिली, कारण जमिनीतच इतका प्रवाह उसळला होता. विषुववृत्ताजवळच्या भागातली त्या वादळाची कुलाब्याची नोंद शास्त्रज्ञ आजही काढून वाचतात.

अशी मोजणी करणाऱ्याला एक नॅनोटेस्लाचा फरकही महत्त्वाचा असतो. आता साधा हिशोब करा. समजा ट्रामच्या परतीच्या विजेपैकी शंभर अँपिअर रूळ सोडून भलत्याच वाटेने निघाली. तिच्यापासून एक किलोमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र सुमारे २० नॅनोटेस्ला भरतं. ट्राम थांबली की कमी, निघाली की जास्त. म्हणजे कुलाब्याच्या नाजूक काट्यावर दिवसभर मुंबईच्या ट्रामचं वेळापत्रक उमटलं असतं.

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्यापुढे पेच होता. शहराला ट्राम हवी होती, आणि ती हवी असण्यात काही चूक नव्हतं. उपकरणं बदलून उपयोग नव्हता, कारण उपकरणं अगदी बरोबर काम करत होती. ती जे मोजत होती तेच गढूळ होणार होतं. शेवटी चुंबकीय मोजणीच मुंबईबाहेर न्यायचं ठरलं. जागा निवडली अलिबाग, कुलाब्यापासून समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटर. इमारती बांधल्या त्या चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याच्या.

मूस यांच्या पुढच्या निर्णयाचं मला फार कौतुक आहे. एप्रिल १९०४ मध्ये अलिबागला मोजणी सुरू झाली, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. ट्राम यायच्या आत दोन ठिकाणांमधला कायमचा फरक नेमका किती ते त्यांनी पक्कं करून घेतलं. त्यामुळे १८४० च्या दशकापासूनची कुलाब्याची मालिका अलिबागेत न तुटता पुढे चालू राहिली. आवाजाचा शोध घेताना जुनं आणि नवं एकाच वेळी, शेजारी शेजारी तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तंत्रज्ञाला दिलेला इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

अलिबागेत तोट्याची बाब होती ती वहीतल्या आकड्यांची. दहा वर्षांनी याच जमिनीच्या वाटेने माणसांचे जीव गेले.

भारतीय सेनेत सिग्नल्सचा जन्म १५ फेब्रुवारी १९११ चा. तोच आमचा कोर दिवस. पहिल्या दोन डिव्हिजनल सिग्नल कंपन्या फतेहगढला उभ्या राहिल्या, पुढच्या दोन मार्च १९११ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर छावणीत. तीन वर्षांनी महायुद्ध पेटलं. फ्रान्सच्या खंदकांत टेलिफोन हेच बोलण्याचं मुख्य साधन होतं. घाई, चिखल आणि तोफांचा मारा. अशा वेळी एकच तार ओढून परतीसाठी खिळा जमिनीत ठोकणं सगळ्यात सोपं. श्टाइनहाइल यांची तीच काटकसर.

पण आता एक नवं यंत्र हाताशी आलं होतं, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. जर्मनांनी १९१५ पासून खंदकांच्या पुढच्या टोकांवर जमिनीत खिळे ठोकले, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि कानाला हेडफोन लावून माणसं बसवली. या श्रवणचौक्यांना त्यांनी 'मोरिट्झ' असं सांकेतिक नाव दिलं होतं. इंग्रज सैन्याच्या टेलिफोनची परतीची वीज जमिनीतून पसरत शेकडो मीटरवर जाई, आणि तिथे ती ऐकू येई. इंग्रज आपल्या हँडसेटमध्ये शत्रू शोधत राहिले, हेरांचा संशय घेत राहिले. प्रत्यक्षात आपले बेत तेच जमिनीत सांडत होते.

१ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस. ला बुआसेल गावापुढच्या मोरिट्झ चौकीने पहाटेपूर्वी एक संदेश पकडला. चौथ्या आर्मीचे सेनापती रॉलिन्सन यांच्या शुभेच्छा ३४ व्या डिव्हिजनच्या तुकड्यांना टेलिफोनवरून कळवल्या जात होत्या. शुभेच्छा कुणी विनाकारण पाठवत नाही. हल्ला आजच सकाळी आहे हे जर्मनांना कळलं आणि मशिनगनवाले तयार राहिले. त्या एका दिवशी इंग्रज सैन्याची हानी झाली ५७,४७० जणांची. त्यातले १९,२४० मृत. त्या हानीची कारणं अनेक होती; आठवडाभर चाललेल्या तोफांच्या माऱ्याने हल्ल्याची चाहूल आधीच दिली होती. सगळा दोष त्या एका तारेवर टाकणं इतिहासाला धरून होणार नाही. पण ३४ व्या डिव्हिजनसमोरचा शत्रू त्या तारेमुळे जागा होता, हेही खरं.

यावर उपाय आला तो कॅप्टन आल्जर्नन फुलर यांचा. त्यांचं 'फुलरफोन' यंत्र १९१६ पासून आघाडीवर दिसू लागलं. युक्ती बारकाईने ऐका. टेलिफोनची किंवा बझरची वीज सतत थरथरते, आणि थरथरणारी वीजच शेजारच्या तारेत आणि हेडफोनमध्ये आवाज करते. फुलर यांनी लाइनवर अगदी क्षीण, न थरथरणारी एकसंध वीज सोडली. ती जमिनीत गळली तरी चोरून ऐकणाऱ्याच्या हेडफोनमध्ये काहीच वाजत नसे. आपल्या बाजूला मात्र घेणाऱ्या यंत्रातला एक कंपक त्या विजेचे तुकडे करून तिचा सूर बनवी. गळती संपवता आली नाही, तर गळलेलं निरुपयोगी करून टाकलं. हे यंत्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत वापरात राहिलं. जोडीला पीळ घातलेल्या दुहेरी तारा आल्या आणि आघाडीजवळ टेलिफोनवर बोलण्यावर कडक बंधनं आली.

म्हणजे तीन उपाय झाले. दूर जा, मूस यांच्यासारखं. परतीची वाट वेगळी करा, कार्टी आणि बेल यांच्यासारखं. किंवा गळलेलं ऐकू येणार नाही अशी व्यवस्था करा, फुलर यांच्यासारखं.

पण एक चौथा आवाज आहे, त्यावर उपाय नाही, आणि तोही याच काळात सापडला. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर चांगले होत गेले तसं लोकांना वाटलं, आता कितीही बारीक आवाज वाढवता येईल. १९१८ साली बर्लिनमध्ये वॉल्टर शॉट्की यांनी दाखवलं की असं होणार नाही. वीज म्हणजे सुट्या कणांचा पाऊस आहे आणि पत्र्यावर पाऊस पडला की आवाज होणारच. पुढे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की नुसता पडून असलेला रोधसुद्धा आवाज करतो, त्याच्यातल्या उष्णतेमुळे. १९२८ साली हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं सूत्र दिलं. आवाज फक्त तापमान, रोध आणि तुम्ही ऐकता ती पट्टी यांवर ठरतो. कंपनी कोणतीही असो, किंमत कितीही असो. साध्या खोलीच्या तापमानाला दहा हजार ओहमच्या रोधात, माणसाच्या कानाच्या पट्टीत, सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट एवढा सळसळता आवाज असतोच. तो काढायचा तर रोध कमी करा किंवा रोध गोठवा. तिसरा मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही.

याच चेन्नईत हेडफोन लावून ऐकणाऱ्यांची पहिली पिढी १९२४ ची. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने त्या वर्षी ३१ जुलैला कार्यक्रम सुरू केले, आणि लोक कानाला हेडफोन लावून क्रिस्टल सेटवर ते ऐकत. त्यांच्या सेटला अ‍ॅम्प्लिफायर नसे, म्हणून त्यांना ही घूंही फारशी नसे. आवाज वाढवण्याची सोय आली, तशी नको त्या आवाजाचीही आली. दोन्ही एकाच वाटेने येतात.

आता आपल्या इंजिनिअरकडे वळू. त्याला मी पहिला प्रश्न विचारला, आवाज कसा आहे ते मराठीत सांग. आपली भाषा या कामाला उत्तम आहे. सलग, जाड, खालच्या सुरातली 'घूं' असेल तर ती ५० हर्ट्झची, आपल्या घरातल्या विजेची. ती बहुधा बाहेरून, तारांच्या वाटेने येते. तीच जरा करकरीत, भुंग्यासारखी 'भुणभुण' असेल तर १०० हर्ट्झची शक्यता जास्त. ती यंत्राच्या आतल्या वीजपुरवठ्यातून येऊ शकते, म्हणजे तिथे यंत्रावर संशय घ्यायला जागा आहे. पाण्याच्या नळासारखी एकसारखी 'सू' असेल तर ती शॉट्की-जॉन्सन यांची. बटण फिरवताना 'खरखर' होत असेल तर धूळ किंवा सैल सांधा. आणि जुन्या २जी मोबाइलजवळ येणारी 'टर्र-टर्र' ही त्या फोनच्या सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणाऱ्या प्रक्षेपणाची.

त्याचं उत्तर आलं, ‘घूं. आणि तिच्यामागे अगदी हलकी सू.’

मग लाइन तपासायची आमची पद्धत. फौजेत लाइन बिघडली की पूर्ण लाइन चालत जात नाही. मध्यावर तोडून बघतात, दोष अलीकडच्या अर्ध्यात की पलीकडच्या. मग त्या अर्ध्याचा मध्य. त्याला सांगितलं, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या केबल काढ, आवाजाचं बटण शून्यावर ठेव, फक्त हेडफोन लाव. त्याने लावला. घूं गायब, सू अगदी बारीक. म्हणजे अर्ध्या मिनिटात कळलं की यंत्र निर्दोष आहे. परत पाठवलं असतं तर नवं यंत्रही तसंच घूं करत आलं असतं.

पुढचा अर्धा भाग. लॅपटॉपमधून यूएसबीने एक छोटा डॅक, डॅकमधून दोन साध्या केबल अ‍ॅम्प्लिफायरला. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका भिंतीवर, अ‍ॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीवर. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, घूं बंद. चार्जर लावला, घूं चालू. मंडळी, हीच ती एकेरी तार आणि जमिनीतला खिळा. दोन भिंतींच्या दोन अर्थमध्ये थोडा फरक आहे, आणि तो भरून काढायला वीज गाण्याच्या केबलच्या जाळीतून धावते आहे.

आकड्यांत बघा. समजा त्या जाळीचा रोध एक दशांश ओहम आणि तिच्यातून जाते फक्त एक मिलिअँपिअर. जाळीच्या दोन टोकांत फरक पडला १०० मायक्रोव्होल्टचा. अ‍ॅम्प्लिफायरला ते गाणंच वाटतं. त्याने चौपट केलं, ४०० मायक्रोव्होल्ट. कानात घालायच्या तल्लख हेडफोनमधून एका व्होल्टला १२० डेसिबल निघतात, असं धरलं तर ही घूं होते सुमारे ५२ डेसिबलची. खालच्या सुरांना आपला कान बोथट असतो, तरी शांत खोलीत ती कळते. त्याच घूंबरोबर येणारे १५० आणि २५० हर्ट्झचे वरचे सूर तर आणखी टोचतात. एका मिलिअँपिअरने दोन वर्षांच्या बचतीवर पाणी फिरवलं होतं.

उपाय तेच, शंभर वर्षांपूर्वीचे. पहिला, दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लाव, म्हणजे दोघांची अर्थ एक होईल. त्याने घूं जवळजवळ गेली. दुसरा, लॅपटॉप आणि डॅकच्या मध्ये यूएसबी आयसोलेटर. वीज ओलांडत नाही, फक्त माहिती ओलांडते, जमिनीची वाटच तुटते. त्याने घूं संपली. ज्यांच्या दोन्ही यंत्रांना बॅलन्स्ड जोडणी आहे त्यांनी ती वापरावी; ती म्हणजे बेल यांचा पीळ. आणि उरलेल्या 'सू'साठी अ‍ॅम्प्लिफायरचं गेनचं बटण खालच्या जागेवर. आवाज जातो असं नाही, फुलर यांच्यासारखा तो ऐकू येण्याच्या पलीकडे ढकलला जातो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. अर्थची जाड पिन कापली किंवा तिच्यावर टेप गुंडाळली की घूं थांबते, हे खरं आहे. पण ती पिन गाण्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. उद्या आतली तार धातूच्या पेटीला टेकली तर वीज जायला ती एकच सुरक्षित वाट आहे. ती बंद केली तर वाट तुमच्या हातातून जाईल, आणि हेडफोन तर डोक्यालाच लावलेला असतो.

त्याचा पहिला प्रश्न होता, कारखान्यांच्या गावात वीजच अशी असते का? अंशतः बरोबर आहे. मोठ्या मोटारी, वेल्डिंग, वेग बदलणारी यंत्रं विजेत त्रास सोडतात. म्हणूनच त्याच ओरगडमला भारत सरकारने ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर उभारलं आहे. गाड्यांमधला विद्युतचुंबकीय त्रास तपासणं हे त्याचं खास काम; आपल्या पुण्याच्या एआरएआयसारखंच ते काम. तिथल्या कवचबंद खोलीत बाहेरची कोणतीही लहर शिरत नाही, भिंती लहरी गिळून टाकतात, आणि मग एकटी गाडी किती आवाज करते आणि दुसऱ्याचा किती सोसते ते मोजतात. अलिबागला समुद्र मध्ये घालून जे केलं तेच इथे भिंती बांधून केलं. पण खोलीतल्या दोन प्लगांमधली घूं त्या कारखान्यांनी पाठवलेली नव्हती.

शेवटी एक गोष्ट. त्याच महायुद्धात जर्मन बाजूने हाइनरिश बार्कहाउझेन नावाचे शास्त्रज्ञ जमिनीतल्या खिळ्यांवरून शत्रूचे टेलिफोन ऐकत होते. अधूनमधून वरून खाली घसरत जाणारी शिट्टी मध्ये येई आणि बोलणं बुडवून टाकी. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर तपासला, त्यात दोष नव्हता. १९१९ साली त्यांनी ही शिट्टी छापून जाहीर केली. १९५३ साली केंब्रिजमध्ये ओवेन स्टोरी यांनी उलगडा केला. दूर कुठे तरी वीज कोसळते, तिची लहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून हजारो किलोमीटर अवकाशात जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरते, आणि वाटेत उंच सूर आधी पोचतात, खालचे मागून. ज्या चुंबकीय रेषा मूस यांनी अलिबागेत ट्रामपासून वाचवल्या, त्याच या. कुलाबा-अलिबागचा वारसा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचं मुख्यालय नवीन पनवेलला, आणि अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. अलिबागला किल्ला बघायला गेलात तर तिच्या फाटकापाशी दोन मिनिटं थांबा.

पुढच्या भागात तारायंत्र आणि १८५७ घेऊ. तोवर प्लग एकाच बोर्डवर ठेवा, आणि अर्थची पिन जागेवर असू द्या.

जय हिंद.